रांग जिथे तुटायची

दीपमाला मेश्राम यांना पहिलीचा वर्ग मिळाला तेव्हा त्यांना वाटलं होतं, आता जरा आराम. वरठीच्या बाजूला एका शाळेत त्यांनी बरीच वर्षं सहावी-सातवीला विज्ञान शिकवलं होतं. मग बदली झाली आणि त्या सिहोऱ्याच्या आत, बोडीटोला नावाच्या गावात आल्या. शाळा दोन शिक्षकांची. मुख्याध्यापक तेजराम सर तिसरी-चौथी घ्यायचे. पहिली-दुसरीची पोरं एका खोलीत बसायची, ती बाईंकडे आली.

पहिल्या दिवशी त्या वर्गात शिरल्या आणि सातवीच्या सवयीने म्हणाल्या, "चला, काढा."

सातवीला एवढं पुरायचं. पुस्तकं बाहेर यायची, कालचं पान उघडायचं. इथे दोघांनी पाटी काढली, एकीने डबा काढला, आणि मोनू नावाच्या मुलाने अंगातला शर्ट काढला.

"हे काय रे?"

"तुमीच म्हनल्या ना म्याडम, काढा म्हून."

दीपमालाबाईंना हसू आलं, पण ते दुपारपर्यंत टिकलं नाही. "रांगेत उभे राहा" म्हटलं तर पोरं भिंतीला पाठ लावून उभी राहिली, जणू कोणी फोटो काढायला आलं आहे. एकाला लघवीला लागली की सगळ्यांना लागायची. दाराशी चपलांचा ढीग, आणि सुट्टी झाली की त्या ढिगात मारामारी. तेजराम सरांनी आपल्या अनुभवातला उपाय सांगितला. "मेश्राम म्याडम, टेबलावर पट्टी आपटत जा. पोट्टे आवाजाले घाबरतात." त्यांनी पट्टी आपटली. वर्ग चिडीचूप झाला. दुसऱ्या तासाला मात्र पोरंच पाट्या, डबे, दप्तरं, हाताला लागेल ते आपटत बसली. त्यांना तो खेळ वाटला होता.

संध्याकाळी तुमसरला घरी जाताना गाडीवर त्यांना राग यायला हवा होता. आला नाही. उलट डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. या पोरांच्या डोक्यात 'रांग' म्हटल्यावर नेमकं काय येत असेल?

हा त्यांचा जुना स्वभाव. वडील वरठीला कारखान्यात कामाला होते. घरात सायकलची घंटी बिघडली, टॉर्च बंद पडला, की लहानगी दीपमाला तो उघडून बसायची. परत जुळायचा असं नाही, पण आत काय आहे ते कळायचं. आई शेजारणींना सांगायची, "आमची पोरगी बिघडलेली वस्तू पाहून रडत नाही, उघडते."

"कशी होती पोरं?" जेवताना नवऱ्याने विचारलं. प्रविणचं तुमसरच्या बाजारात मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं.

"त्यांना रांग म्हणजे काय ते माहीत नाही."

"मग सांगायचं."

"सांगितलं की. पण तो शब्द त्यांनी ऐकलाय, केलेला नाही कधी."

दुसऱ्या दिवशी बाईंनी पट्टी कपाटात टाकली, पोरांना खाली गोल बसवलं आणि सरळ विचारलं, "रांग कुठं कुठं पाहिली तुम्ही?"

"राशनच्या दुकानात," मोनू म्हणाला. "तिथं झगडे होतात."

"रोवण्यात," दुसऱ्या एका मुलीने सांगितलं. रोवण्याचे दिवस होते, बहुतेकांच्या आया सकाळपासून चिखलात धान लावत होत्या. "बाया वाकून राहतात तशी."

"मुंग्याइची," कोपऱ्यातून एक बारीक आवाज आला. ती रीना रहांगडाले. नाक अगदी सरळ, केस घट्ट बांधलेले, आणि बोलून झाल्यावर आपणच बोललो याचा धक्का बसल्यासारखा चेहरा.

मग वर्ग मुंग्या पाहायला गेला. शाळेच्या पडवीच्या कडेने काळ्या मुंग्यांची धार चालली होती. पोरं पोटावर पालथी पडली. बाईही खाली बसल्या.  एवढी शांतता त्या खोलीत पट्टी आपटूनही टिकली नव्हती.

"समोरची थांबली तं मागची ढकलत नाई," रीना म्हणाली.

"मागची बाजूनं जाते," मोनू म्हणाला. "आपल्याले तसं चालते का?"

"तुम्हीच सांगा. चालेल का?"

नाही चालणार असं ठरलं. तिथून दीपमालाबाईंची पद्धत सुरू झाली. एका वेळी एकच गोष्ट. आधी चपला. चपला कशा ठेवायच्या ते त्या स्वतः करून दाखवायच्या. मग म्हणायच्या, "आता मी विद्यार्थी. पाहा हं." आणि चपला भिरकावून, दोघांना धक्का देऊन आत घुसायच्या. पोरं हसून लोळायची आणि ओरडायची, "नाई म्याडम! असं नाई!" मग तीच पोरं बाईंचा हात धरून त्यांना दाराबाहेर न्यायची आणि चप्पल कशी ठेवायची ते शिकवायची. शिकवता शिकवता त्यांचं स्वतःचं शिकून व्हायचं.

चपलांनंतर पाण्याचा ग्लास, ग्लासानंतर पाट्या परत ठेवणं. लघवीला जायची पाळी एकेकाची यावी म्हणून शाळेत खिचडी शिजवणाऱ्या शकुनबाईंनी घरून एक वाळलेली लवकी, म्हणजे दुधी, आणून दिली. ती दाराजवळ खिळ्याला टांगली. जाणाऱ्याने लवकी घेऊन जायचं, येऊन टांगायची, मग दुसऱ्याने. परिणाम उलटाच झाला. लवकी हातात घेऊन मिरवता यावं म्हणून सगळा वर्ग दिवसभर लघवीला जाऊ लागला. बाईंनी नियम बदलला नाही. त्यांना बघायचं होतं, हे किती दिवस चालतं. काही दिवसांत लवकीचं नवल संपलं आणि ज्याला खरंच लागली तोच उठायला लागला.

तेजराम सर मात्र अस्वस्थ होते. "म्याडम, महिना व्हायले आला. अजून 'अ' नाही आला वर्गात."

"'अ' येईल सर. आधी चप्पल जागेवर येऊ द्या."

सर हसले नाहीत. माणूस वाईट नव्हता, पण केंद्रप्रमुखांनी येऊन विचारलं तर काय दाखवायचं, ही त्यांची चिंता खरी होती.

मग आलं सगळ्यात अवघड काम. शाळेच्या आवारातल्या बोरिंगचं पाणी लाल यायचं, म्हणून खिचडीआधी हात धुवायला पोरांना बाहेरच्या बोरिंगवर न्यावं लागे. वाट तलावाच्या पाळीजवळून जायची. पावसाळ्यात तलाव तुडुंब. तिथे रांग म्हणजे नुसती शिस्त नव्हती. म्हणून बाईंनी जोड्या केल्या. दोघांनी एकमेकांचा हात धरायचा, पुढच्या जोडीच्या मागे चालायचं, बाई सगळ्यात पुढे. आवारात खूप सराव केला. पोरं छान चालली.

वाटेवर मात्र रांग तुटायची, आणि रोज एकाच ठिकाणी. पुढच्या काही जोड्या बाईंबरोबर बोरिंगपर्यंत पोचायच्या आणि मागे वळून पाहिलं तर मध्ये मोठी फट. एके दिवशी फटीमागची सगळी शेपटी पाळीकडे वळली. पाण्यात बगळा दिसला होता. दीपमालाबाई चिखलातून धावत गेल्या, पोरांना एकेकाला दंडाला धरून मागे ओढलं. कोणाला काही झालं नाही. पण शाळेत परत आल्यावर त्यांनी पोरं दोनदा मोजली. पाणी प्यायला घेतलेला ग्लास त्यांनी तसाच खाली ठेवला.

"बगळा पाहिला की पोरं जाणारच," तेजराम सर म्हणाले. "दम द्या चांगला."

"बगळा आज दिसला सर. फट रोज पडते."

बाईंनी उंच पोरं पुढे घेऊन पाहिली. फट पडली, पण आता शेवटाकडे. जोड्या बदलल्या. फट पुढे सरकली. म्हणजे वाटेत खड्डा नव्हता, जागेचा दोष नव्हता. जे तुटत होतं ते पोरांबरोबर फिरत होतं. मग एक दिवस त्यांनी शकुनबाईंना पुढे चालायला लावलं आणि स्वतः मागून, बाजूबाजूने चालत राहिल्या. पोरांच्या तोंडाकडे न पाहता त्यांच्या पायांकडे पाहत.

तेव्हा दिसलं. रीनाच्या जोडीमागे कामिनीची जोडी आली की कामिनीचे पाय मंदावायचे. भांडण नाही, ढकलाढकली नाही. चुलीजवळ गेल्यावर माणूस आपोआप पाय मागे घेतो, तसं. आणि कामिनी पुढे असली की रीनाचे पाय मंदावायचे. कामिनी रहांगडाले. तेच सरळ नाक. दोघी वर्गात नेहमी समोरासमोरच्या कोपऱ्यात बसतात, हेही बाईंच्या आताच लक्षात आलं.

"कामिनी, काहून थांबतेस गं?"

"काही नाई."

"रीना?"

रीनाने मान खाली घातली. बाईंनी वर्गाकडे पाहिलं. सगळे आपापल्या पायांकडे पाहत होते. मोनूसुद्धा. साऱ्या वर्गाला ठाऊक होतं, एकट्या शिकवणारीला ठाऊक नव्हतं.

शकुनबाईंनी भांडी घासता घासता सांगितलं. "तुमाले मालूम नाई का बाई? एकाच घरच्या पोरी त्या. कामिनीचा बाप ताराचंद, मोठा. रीनाचा बाप भुपेंद्र, लहाना. गेल्या साली रोवण्यात पाण्यावरून झालं. एकानं धानाच्या बांधीचं पाणी फोडलं, दुसऱ्यानं बुजवलं. तोंडातून नाई ते निंगलं. आता आंगणात मधोमध बांबूचा तट्टा घातला. म्हातारी आनंदाबाई एक मयना इकडं जेवते, एक मयना तिकडं."

"आणि पोरी?"

"पोरीइले बजावून ठेवलं ना. तिच्यासंगं बोलजो नोको, तिच्याजवळ जाजो नोको. आधी एका ताटात जेवत होत्या बाई त्या."

दीपमालाबाईंनी सोपा उपाय केला. कामिनीला रांगेच्या डोक्याशी घेतलं, रीनाला शेवटी ठेवलं. रांग तुटायची बंद झाली. तलावाची भीती गेली. घरचं भांडण घरी, असं त्यांनी स्वतःला समजावलं. पण शाळा सुटल्यावर त्या दोघी एकाच गल्लीत, एकाच घराकडे, एकमेकींपासून बैलगाडीएवढं अंतर ठेवून जाताना दिसायच्या, आणि बाई फाटकाशी उभ्या राहून पाहत राहायच्या. सहा वर्षांची पोर हे अंतर इतकं नेमकं कसं राखते?

पोळ्याच्या सुमाराला वर्ग बराच मार्गी लागला होता. 'अ' आला होता, 'क' आला होता, तेजराम सरांची झोप परत आली होती. मग बाईंनी पोरांना कामं वाटायला सुरुवात केली. सतरंजी घालणं, दार लावणं, फळा पुसणं, आणि शाळेच्या परसबागेतल्या वांग्यांना, वालाच्या वेलांना पाणी घालणं. प्रत्येक काम दोघांचं, एका आठवड्यासाठी. पोरांना नाव वाचता येत नव्हतं, म्हणून बाटल्यांच्या झाकणांवर प्रत्येकाचं चित्र काढलं होतं. मोनूचा ट्रॅक्टर, कामिनीची मासोळी, रीनाची छत्री. सोमवारी डब्यातून न पाहता झाकणं काढायची. नियम पोरांनीच केला होता. जे निघालं ते निघालं, परत काढायचं नाही. कारण पहिल्याच वेळी मोनूला फळा हवा होता आणि निघाली सतरंजी, तेव्हा त्याच्या रडण्यावर सगळ्यांनी मिळून हे ठरवलं होतं.

त्या सोमवारी परसबागेसाठी बाईंनी हात घातला. आधी मासोळी निघाली. मग छत्री.

वर्गातून "हाऽऽ" असा आवाज उठला.

"म्याडम," मोनू घाईने म्हणाला, "फिरून काढा."

बाईंच्याही मनात तेच होतं. त्यांनी हात डब्यात घातलासुद्धा. पण कामिनी उभी राहिली. "नियम हाये ना. फिरून नाई काढायचं."

बाईंनी रीनाकडे पाहिलं. रीनाने एकदाच मान हलवली, होकाराची. आता काय करावं? हात बाहेर आला तो रिकामा आला. पोरांनी केलेला नियम आपणच मोडला तर इतक्या दिवसांचं सगळं वाया. हे कारण खरं होतं. आणखी एक कारण होतं, ते त्यांनी नंतर प्रविणला सांगितलं. त्यांना बघायचं होतं, या दोघी न बोलता काम करतील तरी कसं.

काम असं होतं. भांडी धुतलेलं पाणी एका टोपलीएवढ्या टबात साठायचं. त्यातून छोटी बालटी अर्धी भरायची, दांडीत काठी घालायची, आणि दोघींनी दोन टोकं धरून बागेपर्यंत न्यायची. पहिल्या दिवशी दोघी अक्षरही बोलल्या नाहीत. एक जोरात चालली, एक हळू, आणि निम्मं पाणी पायांवर सांडलं.

दुसऱ्या दिवशी दीपमालाबाई स्वयंपाकखोलीत शकुनबाईंजवळ उभ्या होत्या. खिडकीतून बाग दिसत होती. बालटी हिंदकळली तशी कामिनी थांबली आणि खाली पाहून मोठ्याने म्हणाली, "ए बालटी, हळू चाल ना वो. पाणी सांडून राहिलं."

 मग दुसऱ्या टोकाहून रीना, तीही खालीच पाहत, "बालटी, तूच जल्दी करून राहिली. मी तं हळूच हावो."

"बालटी, मंग एक-दोन म्हण. एकवर डावा पाय."

"बालटीले डावा समजत नाई."

"मंग ज्या हातात कडं हाये, तो पाय."

आणि दोघी एक-दोन, एक-दोन करत वांग्यांपर्यंत गेल्या. शकुनबाईंनी तोंडाला पदर लावला. दीपमालाबाई खिडकीचा गज धरून तशाच उभ्या राहिल्या. पोरींनी बापांचा शब्द मोडला नव्हता. त्या एकमेकींशी बोललेल्याच नव्हत्या.

त्या आठवड्यात बालटीला पुष्कळ गोष्टी कळल्या. ताराचंदच्या घरी गाईला गोऱ्हा झाला. रीनाचा पुढचा दात हलतो. आणि रोज, न चुकता, कामिनीचा एक प्रश्न असायचा. त्या महिन्यात आजी आनंदाबाई रीनाच्या घरी जेवत होती, म्हणून. "बालटी, आजीचा गुडघा कसा हाये?" "बालटी, आजी रात्री गोष्ट सांगते का अजून?" तट्ट्याच्या एवढ्याशा आडोशापलीकडची आजी, आणि तिची खबर बालटीकडून.

गावात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. शुक्रवारी दुपारी भुपेंद्र मोटरसायकलवरून थेट आवारात आला. पायाला गुडघ्यापर्यंत चिखल, सरळ बांधीतून उठून आलेला.

"बसा भाऊ, चाय मांडतो," तेजराम सर लगबगीने उठले.

"चाय नाई पायजे सर. म्याडम कुठं हायेत?"

दीपमालाबाई बाहेर आल्या.

"म्याडम, तुमी माह्या पोरीची जोडी ताराचंदच्या पोरीसंगं काहून लावली? साऱ्या गावात हसून राहिले लोक. आमी घरी जे सांगितलं, ते शाळेत मोडता का तुमी?"

"जोडी मी नाही लावली भाऊ. झाकणात निघाली. आणि तुम्ही सांगितलेलं रीनाने मोडलं नाही. ती कामिनीशी एक शब्द बोललेली नाही."

"मंग गाव काहून म्हणते?"

 याला दाखवावं की नाही? दाखवलं आणि याने घरी जाऊन पोरीवर हात उचलला तर? पण गावाच्या तोंडून उलटसुलट ऐकण्यापेक्षा स्वतःच्या कानाने ऐकलेलं बरं, असं त्यांनी ठरवलं. "या," त्या म्हणाल्या. "मध्ये बोलू नका. फक्त ऐका."

दोघी तेव्हा वालाच्या वेलांना पाणी घालून परत येत होत्या. बालटी रिकामी होती तरी काठीवरच होती. भुपेंद्र स्वयंपाकखोलीच्या कोपऱ्याशी थांबला.

"बालटी, काल आजी जेवली का?" कामिनी विचारत होती.

"बालटी, आजीनं एकच पोळी खाल्ली."

"मंग तिले ताक दे म्हणा. ताकासंगं ती भात खाते. आमच्याकडं होती तव्हा खात होती."

तेवढ्यात कामिनीने वर पाहिलं. समोर काका. हा काका तिला तलावावर म्हशी धुवायला जाताना खांद्यावर बसवून न्यायचा. आता त्याच्याशी बोलायचं की नाही, हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. ती जागच्या जागी थबकली.  मग तिने मान खाली घातली आणि अगदी हळू म्हणाली, "बालटी, काका आले पाह्य."

रीना तर काठी सोडून रडायच्या बेतात आली होती.

 हातातली गाडीची चावी भुपेंद्रने या हातातून त्या हातात केली. मग खाकरून, बालटीकडेच पाहत म्हणाला, "बालटीले सांग... आजी बरी हाये. आज ताक देतो म्हणा तिले."

आणि तो वळला. आवाराच्या फाटकाशी दीपमालाबाईंनी त्याला गाठलं. त्याने गाडी सुरू केली, परत बंद केली.

"शाळेत तुमचा नियम," तो म्हणाला. "घरी माहा."

"म्हणजे?"

"म्हंजे शाळेत बोलू द्या पोरीइले. त्या बालटीले कायले तरास." आणि थोडं थांबून, "घरी नाई."

सोमवारी रीनाने वर्गात उभं राहून सगळ्यांना हे जाहीर केलं, चपलांचा नियम सांगावा तशा आवाजात. "शाळेत बोलायचं. घरी बोलायचं नाई." कामिनीनेही घरी विचारलं होतं. ताराचंद हो म्हणाला नव्हता, नाहीही म्हणाला नव्हता. पोरींनी ते हो धरलं.

त्या दिवसापासून दोघी एका सतरंजीवर बसल्या, एका डब्यात हात घालून मुरमुरे खाल्ले, आणि बोलत सुटल्या त्या बोलतच राहिल्या, इतक्या की बाईंना दटावावं लागलं. शाळा सुटली की मात्र फाटकाच्या दगडी उंबऱ्याशी वाक्य अर्ध्यात तुटायचं. एक पाय बाहेर पडला की तोंड बंद. परत बैलगाडीएवढं अंतर. दीपमालाबाई रोज पाहायच्या. त्यांना स्वतःला चपला शिकवायला महिना लागला होता, आणि हा एवढा अवघड नियम पोरी एका दिवसात शिकल्या होत्या.

दिवाळीची सुट्टी संपली. एक दिवस शाळा सुटल्यावर त्यांना दिसलं, दोघी फाटकाबाहेर गेल्या तरी बोलतायत. पिठाच्या चक्कीपर्यंत बोलत गेल्या. दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, "काय गं, नियम बदलला का?"

"नाई म्याडम," कामिनी म्हणाली. "मोनू म्हणे, शाळेची आंगी आंगात हाये तं शाळाच हाये."

मोनू दात काढून, आपल्या गणवेशाची बाही ओढून दाखवत उभा होता.  

मग एका सकाळी आनंदाबाई आल्या. काठी टेकत, पडवीत बसल्या, पाणी मागितलं. "बाई वो," त्या म्हणाल्या, "शाळेत असं काय सांगितलं तुमी? पोरी घरी आल्या तरी शाळेची आंगी काढून नाई राहिल्या. जेवतात त्यातच, झोपतात त्यातच. त्याइच्या मायबाया वरडतात, मळली, धुवाले द्या, तं देत नाई. अन् दिवसभर तट्ट्याच्या दोहो बाजूनं टकटक बोलत बसतात."

दीपमालाबाईंनी त्यांना आंगीचा नियम सांगितला. म्हातारीला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ती इतकी हसली की शकुनबाई चुलीपासून उठून पाहायला आल्या.

पुढचं आनंदाबाईंनीच काही दिवसांनी येऊन सांगितलं. धानाच्या चुरण्याचे, मळणीचे दिवस होते, घरात सगळीकडे धुरळा. कामिनीच्या आईने शेवटी जबरदस्तीने आंगी काढून धुतली आणि वाळत घातली. पोरगी घरच्या फ्रॉकमध्ये तट्ट्याशी जाऊन उभी राहिली. पलीकडून रीना हाका मारते, "कामिनी, कामिनी", आणि ही तोंड मिटून उभी. ताराचंद धानाचं पोतं घेऊन चालला होता. त्याने पोतं खाली टेकवलं.

"कायले उभी आहेस मुकी? ती बलावून राहिली ना."

"आंगी वाळून राहिली बाबा."

ताराचंदने दोरीवरच्या आंगीकडे पाहिलं, तट्ट्याकडे पाहिलं. "बोल," तो म्हणाला. "आंगीबिंगी काही नाई. बोल."

"अन् भाऊ भाऊ?" दीपमालाबाईंनी म्हातारीला विचारलं. "ते बोलतात का?"

"कामापुरतं," आनंदाबाई म्हणाल्या. "चुरण्याची मशीन एकाच दिवशी आणली दोघाइनं. तट्टा हाये अजून. पण मी आता दोन्हीकडं जेवते, मयने मोजत नाई."

वर्ष संपताना तेजराम सरांनी बाईंना बोलावलं. पुढल्या वर्षापासून बाजूच्या मोठ्या गावात सातवीला विज्ञानाची जागा रिकामी होणार होती. अर्ज केला तर मिळाली असती. "तुमचा विषय आहे म्याडम. इथं काय, नाक पुसणं अन् चपला लावणं."

दीपमालाबाईंनी रात्री प्रविणशी बोलून पाहिलं. त्यांना सातवीची आठवण यायची. प्रयोगाच्या काचेच्या नळ्या, मोठी पोरं, नीट उत्तरं. दोन दिवस त्यांनी विचार केला आणि सरांना सांगितलं, "पहिलीच ठेवा माझ्याकडे."

"काहून?" सरांनी खरंच न समजून विचारलं.

"सातवीच्या पोरांचं डोकं कसं चालतं ते थोडंफार कळतं मला सर. यांचं अजून कळत नाही."

जूनमध्ये नवी पहिली आली. दुसरीत गेलेल्या कामिनी-रीनाने नव्यांना दाराशी थांबवून चपला शिकवायला घेतल्या, जरा जास्तच कडक आवाजात. नव्यांमध्ये दीक्षा नावाची एक मुलगी होती. ती दारात यायची, चप्पल नीट ठेवायची, आणि आत पाऊल टाकायच्या ऐवजी वळून फाटकापर्यंत परत जायची, मग पुन्हा यायची, मग आत. रोज. कोणी हाक मारली तरी आधी फेरी पूर्ण करायची. तेजराम सर म्हणाले, "सवय आहे, सुटेल." दीपमालाबाईंनी मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपली खुर्ची उचलून खिडकीशी नेली, जिथून फाटक दिसतं.